कविता तीन मिनिटांची

एखादी कविता ऐकल्यावर तुम्ही तिला दहापैकी किती गुण द्याल? प्रश्न ऐकूनच पुष्कळ रसिकांच्या कपाळाला आठ्या पडतील. कविता म्हणजे काय दहावीचा पेपर आहे? ती मनाला भिडते किंवा भिडत नाही, तिला गुण कसले द्यायचे? पण साधारण चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शिकागो शहरात एका माणसानं हाच प्रश्न विचारला. तोही विद्यापीठाच्या सभागृहात नव्हे, तर एका मद्यालयात, ग्लासांच्या किणकिणाटात, आणि समीक्षकांना नव्हे, तर समोर बसलेल्या सामान्य गिऱ्हाइकांना. त्यातून कवितेचा एक नवा फड उभा राहिला आणि बघता बघता जगभर पसरला. त्याचं नाव ‘पोएट्री स्लॅम’.

‘स्लॅम’ हा शब्द खेळातला. बेसबॉलमध्ये ‘ग्रँड स्लॅम’ म्हणजे एका टोल्यात चार धावा. पत्त्यांच्या ब्रिजमध्ये ‘ग्रँड स्लॅम’ म्हणजे तेराच्या तेरा हात आपले. कवितेच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की, कवी एकामागून एक मंचावर येतात, स्वतःची कविता सादर करतात, आणि श्रोत्यांमधूनच निवडलेले पाच जण तिला गुण देतात. आजच्या या भाषणात मला या प्रकाराचा थोडा इतिहास सांगायचा आहे. शिवाय ही कविता लिहायची आणि सादर करायची विद्या माणसं कशी शिकली, आणि त्यातून आपल्याला काय घेता येईल, याबद्दलही बोलायचं आहे.

या कथेचा नायक मार्क केली स्मिथ. जन्म १९४९चा, शिकागोतलाच. बांधकामावर राबून पोट भरणारा हा माणूस कविता करत असे. १९८०च्या सुमारास शिकागोत कविता वाचनाचे कार्यक्रम होत, पण ते कसे होत हे आपल्याला वेगळं सांगायला नको, कारण आपल्याकडेही ते दृश्य अगदीच अनोळखी नाही. कवी कागदात डोकं खुपसून पुटपुटतो. समोर दहा-बारा माणसं असतात, त्यातली आठ स्वतः कवी आणि आपली पाळी कधी येते याची वाट बघणारी. वाचून झालं की सभ्य टाळ्या पडतात. कुणाला कळलं, कुणाला नाही, हे विचारायची पद्धत नसते. स्मिथला हे सहन होईना. त्याचं म्हणणं साधं होतं. ज्या माणसांबरोबर आपण दिवसभर काम करतो ती माणसं कवितेला का येत नाहीत? दोष त्यांचा, की आपला?

नोव्हेंबर १९८४मध्ये त्यानं ‘गेट मी हाय लाउंज’ नावाच्या एका छोट्याशा जॅझ क्लबात काव्यवाचनाची मालिका सुरू केली. नियम म्हणावा तर एकच, ऐकणाऱ्याला कंटाळा आणायचा नाही. कविता पाठ करावी, अंगानं बोलावी, श्रोत्यांच्या डोळ्यांत बघून सांगावी. श्रोत्यालाही मोकळीक होती. आवडलं तर ओरडा, नाही आवडलं तर तेही कळवा. काही प्रतिष्ठित कवींनी नाकं मुरडली. पण लोक यायला लागले. स्मिथच्या भोवती आठ-दहा कवींचा एक गट जमला, आणि कविता एकट्यानं, जोडीनं, समूहानं कशी सादर करता येईल याचे प्रयोग सुरू झाले.

जुलै १९८६मध्ये हा कार्यक्रम ‘ग्रीन मिल’ या क्लबात आला. ब्रॉडवे आणि लॉरेन्स अ‍ॅव्हेन्यू या रस्त्यांच्या नाक्यावरची ही जागा १९०७पासूनची. दारूबंदीच्या काळात तिथं शिकागोच्या गुंडांची ऊठबस असे. अल कपोन बसायचा ती जागा आजही लोक कौतुकानं दाखवतात. १९८६मध्ये डेव्ह जेमिलो यानं हा क्लब विकत घेतला आणि रविवारची संध्याकाळ स्मिथला दिली. कार्यक्रम तीन भागांचा. पहिल्या भागात कुणीही येऊन वाचावं, दुसऱ्यात पाहुणा कवी, आणि तिसऱ्या भागात स्मिथचा गट. पण दर आठवड्याला तिसऱ्या भागासाठी नवं काही बसवणं जमेना. वेळ तर भरून काढायचा होता. तेव्हा स्मिथनं कवींची लुटुपुटूची स्पर्धा लावून दिली. आधी श्रोत्यांच्या आरडाओरड्यावर निकाल, मग आकड्यांवर. बक्षीस दहा डॉलर. स्पर्धा म्हणजे या सगळ्या प्रकाराची थट्टाच होती. पण लोकांनी ती उचलून धरली, आणि ‘अपटाउन पोएट्री स्लॅम’ हा ग्रीन मिलचा वर्षानुवर्षं चाललेला रविवारचा शिरस्ता होऊन बसला.

तिथली एक प्रथा मला फार आवडते. स्मिथ मंचावर येऊन आपलं नाव सांगे, आणि सगळं सभागृह एका सुरात उत्तर देई, ‘मग काय झालं?’ संस्थापकाचं कौतुक एवढंच! आपल्याकडे कविसंमेलनात दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ आणि परिचय यांत पाऊण तास जातो. तिथं पहिल्या वाक्यालाच कवीचे पाय जमिनीवर आणले जात. कविता लांबली, पोकळ झाली की श्रोते बोटांनी चुटक्या वाजवत. तरी कवी थांबला नाही तर पाय आपटत, आणि अगदीच झालं तर कण्हत. ऐकणं हेही तिथं एक काम होतं, आणि लोक ते मन लावून करत.

आता नियम बघू. स्पर्धेच्या राष्ट्रीय पातळीवर ते असे ठरत गेले. कविता स्वतःची हवी. वेळ तीन मिनिटांचा, वर दहा सेकंदांची सवलत. त्यानंतरच्या प्रत्येक दहा सेकंदांना अर्धा गुण वजा. वेशभूषा नाही, साहित्य नाही, वाद्य नाही. कवी, त्याचं शरीर, त्याचा आवाज आणि एक माइक, एवढीच सामग्री. कागद हातात घेऊन वाचायला मात्र बंदी नाही. परीक्षक पाच. ते साहित्यिक नसावेत असा नियम नाही, पण ते ऐनवेळी श्रोत्यांतून उचलायचे आणि स्पर्धकांचे नातलग नसावेत. प्रत्येकानं शून्य ते दहा गुण द्यायचे, एक दशांश स्थळापर्यंत, म्हणजे कुणी साडेआठ देईल, कुणी ८.७. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा काढून टाकायचा, उरलेल्या तिघांची बेरीज करायची. म्हणजे पूर्ण गुण तीस.

यात गंमत अशी की, ही पद्धत न्याय्य नाही हे ती चालवणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक होतं. रात्र चढत जाते तसे आकडेही चढतात. पहिल्या कवीला जिथं सात मिळतात तिथं दहाव्याला नऊ मिळतात. म्हणून स्पर्धा सुरू होण्याआधी एका बिगरस्पर्धक कवीला उभं करतात, त्याच्यावर परीक्षकांचा हात बसावा म्हणून. त्याला त्यांच्या भाषेत ‘बळीचा कवी’ म्हणतात. चिठ्ठी टाकून क्रम ठरतो. पहिला क्रमांक आला की कवी कपाळाला हात लावतो. शिवाय निवेदक दर खेपेला लोकांना आठवण करून देतो की गुण हे निमित्त आहे, मुद्दा कवितेचा आहे. आकडा वर धरला की श्रोते परीक्षकावरच तुटून पडतात, ‘एवढेच?’ म्हणून. या भांडणासाठीच तो आकडा. कवितेवर कुणी मनापासून भांडतंय, हे दृश्य स्मिथला हवं होतं.

शिकागोहून हा प्रकार न्यूयॉर्कला गेला. तिथं त्याला तयार जमीन मिळाली. पोर्तो रिकोहून येऊन न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या माणसांची स्वतःची एक बोली आणि स्वतःची कविता होती. मिगेल अल्गारीन या प्राध्यापक कवीनं १९७३मध्ये आपल्या घराच्या दिवाणखान्यात अशा कवींना गोळा करायला सुरुवात केली. त्यातून ‘न्यूयोरिकन पोएट्स कॅफे’ उभा राहिला. ‘न्यूयोरिकन’ हा शब्दच न्यूयॉर्क आणि पोर्तो रिकन यांच्या मिश्रणातून झालेला. मधली काही वर्षं तो बंद होता. पुन्हा उघडल्यावर बॉब होलमन यानं तिथं स्लॅम सुरू केला आणि शुक्रवारच्या रात्री दाराबाहेर रांगा लागू लागल्या. या कॅफेचा पहिला मोठा विजेता पॉल बेटी. १९९०मध्ये स्लॅम जिंकणारा हा कवी पुढं कादंबरीकार झाला, आणि २०१६मध्ये त्याला ‘द सेलआउट’साठी बुकर पारितोषिक मिळालं. ते मिळवणारा तो पहिला अमेरिकन लेखक.

१९९०मध्येच सॅन फ्रान्सिस्कोत पहिला राष्ट्रीय स्लॅम झाला. वैयक्तिक गटात जिंकली शिकागोची पॅट्रिशिया स्मिथ. मार्क स्मिथची ती कुणी लागत नाही, आडनाव तेवढं एक. पुढं तिनं १९९१, १९९३ आणि १९९५ असा आणखी तीनदा हा मान मिळवला. पेशानं ती पत्रकार होती. तिची एक गाजलेली स्लॅम कविता एका वंशद्वेष्ट्या गोऱ्या तरुणाच्या तोंडून बोलते. कविता लिहिणारी आणि मंचावर उभी राहून सादर करणारी बाई मात्र कृष्णवर्णीय. ज्याला आपल्या अस्तित्वाचा तिटकारा आहे त्याच्या कातडीत शिरून तिनं ते विष बोलून दाखवलं, आणि सभागृहाच्या अंगावर काटा आला. कात्रिना वादळावरचा तिचा ‘ब्लड डॅझलर’ हा संग्रह २००८मध्ये अमेरिकेच्या ‘नॅशनल बुक अवॉर्ड’च्या अंतिम यादीत होता. २०२१मध्ये तिला रूथ लिली काव्य पुरस्कार मिळाला. मंचावरची कविता पुस्तकात टिकत नाही म्हणणाऱ्यांना हे एक उत्तर पुरे आहे.

आता मुख्य प्रश्न. ही विद्या शिकायची कशी? पहिली शाळा म्हणजे ‘ओपन माइक’. दारात एक वही असते, तिच्यात नाव लिहायचं, पाळी आली की बोलायचं. पण जाणते सांगतात की पहिले दोन-तीन आठवडे नाव लिहूच नका, नुसते बसा आणि ऐका. लोकांचं लक्ष कुठं सुटतं, कुठं माणसं खुर्चीत पुढं सरकतात, ते बघा. वाचक पान उलटून मागं जाऊ शकतो, श्रोता जाऊ शकत नाही. ओळ हवेत गेली की गेली. म्हणून कानासाठी लिहिताना एका वेळी एकच प्रतिमा द्यावी लागते. कोण बोलतंय, कुठं उभं राहून बोलतंय, हे लवकर कळावं लागतं. परत परत येणारं पालुपद हे नुसतं अलंकार म्हणून नसतं, तो श्रोत्याला धरायला दिलेला कठडा असतो.

दुसरी गोष्ट श्वासाची. लिहून झालं की मोठ्यानं वाचायचं. जिथं जीभ अडखळते तिथं बहुतेक वेळा लिखाणातच गाठ असते. जिथं दम लागतो तिथं ओळ तोडायची किंवा छोटी करायची. मराठी कविता सावकाश म्हटली तर माझ्या अनुभवानं तीन मिनिटांत सव्वातीनशेच्या आसपास शब्द बसतात. पण तेवढे लिहायचे नाहीत. लोक हसले, टाळी पडली, कुणी ‘वा’ म्हणालं की दहा-पंधरा सेकंद जातात. म्हणून अडीच मिनिटांची कविता लिहावी आणि उरलेली अर्धी मिनिटं लोकांसाठी राखून ठेवावी. लोकांनी ती वापरली नाहीत तर त्या शांततेचाही उपयोग करता येतो.

तिसरी गोष्ट पाठांतराची. कागद हातात असला की एक हात आणि दोन्ही डोळे गेलेच म्हणून समजा. पण पाठ करणं म्हणजे घोकणं नव्हे. घोकलेली कविता पाढ्यांसारखी येते, आणि मध्येच कुणाचा मोबाइल वाजला की सातव्या ओळीला गाडी अडते. अनुभवी माणसं कविता चालताना म्हणतात, भांडी घासताना म्हणतात, कुजबुजत म्हणतात, रागावून म्हणतात. असं केलं की ती तोंडातून अंगात उतरते. माइक हे ओरडायचं यंत्र नाही हेही शिकावं लागतं. माइकमुळं तर कुजबूज शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. नवखा कवी पहिल्या ओळीलाच टिपेचा सूर लावतो आणि मग वर जायला जागाच उरत नाही. आणि शेवट? शेवटाला कवितेचा अर्थ समजावून सांगू नये. लोकांना घरी न्यायला काहीतरी शिल्लक ठेवावं.

अमेरिकेत ही विद्या हळूहळू शाळांमध्ये गेली. टेलर माली हा मुळात शाळामास्तर. त्यानं शिक्षकी पेशावरच कविता करून स्लॅम गाजवले. सॅन फ्रान्सिस्कोत १९९६मध्ये ‘यूथ स्पीक्स’ ही संस्था सुरू झाली, आणि १९९८पासून ‘ब्रेव्ह न्यू व्हॉइसेस’ हा तरुणांचा राष्ट्रीय महोत्सव. २००१मध्ये शिकागोत ‘लाउडर दॅन अ बाँब’ ही शाळकरी मुलांच्या संघांची स्पर्धा सुरू झाली. जी मुलं एरवी एकमेकांच्या वस्तीत पाऊल टाकत नसत ती एका मंचावर येऊन एकमेकांच्या कविता ऐकू लागली. बोलायला शिकवण्याचा एवढा गाजावाजा होतो, पण माझ्या मते त्या मुलांचा खरा फायदा दुसऱ्याची तीन मिनिटं गप्प बसून ऐकण्यात झाला असेल.

हे सगळं ऐकताना मराठी माणसाला कलगी-तुरा आठवल्याशिवाय राहणार नाही. शाहिरांचे दोन पक्ष, कलगीवाले शक्तीचे उपासक आणि तुरेवाले शिवाचे. भेदिक लावणीतून एकानं कोडं घालायचं, दुसऱ्यानं कवनातच ते सोडवायचं, आणि हारजीत लोकांसमोर. परंपरेतली कथा अशी की, तुकनगीर नावाचा गोसावी आणि शहाअली नावाचा फकीर हे या दोन पक्षांचे मूळ पुरुष. एका राजानं एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. कथेत इतिहास किती हा वेगळा प्रश्न, पण ती कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली याचा अर्थ असा की, गोसावी आणि फकीर एका फडावर समोरासमोर बसून शब्दांनी झुंजतात, यात आपल्या पूर्वजांना काही नवल वाटत नव्हतं. पेशवाईच्या उत्तरकाळातले सगनभाऊ मुसलमान. बार्शीच्या गिरणीत काम केलेले शाहीर अमर शेख, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, १९१६ ते १९६९ एवढंच आयुष्य लाभलेले, पण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजानं मैदानं भारून टाकली.

पुढं मध्यमवर्गीय श्रोत्यांसाठी विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगावी फिरून काव्यवाचनाची गोडी लावली. तेव्हा मंचावरची कविता आपल्याला शिकागोनं शिकवली असं मी म्हणणार नाही. पण फरकही नीट बघायला हवा. कलगी-तुऱ्यात गुरू असतो, परंपरा असते, पुराणांचा अभ्यास लागतो. शाहीर स्वतःबद्दल क्वचितच बोलतो, तो आपल्या पक्षाच्या वतीनं बोलतो. स्लॅममध्ये गुरू नाही, पंथ नाही, आणि बहुतेक कवितांचा पहिला शब्द ‘मी’. ज्याला कुणी कधी ‘तुझं काय म्हणणं आहे’ असं विचारलं नाही, त्याला तीन मिनिटं हक्काची मिळतात. १९९०मध्ये तिकडं पहिला राष्ट्रीय स्लॅम होत होता, त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण ‘आमचंही ऐका’ ही निकड दोन्हीकडं होती.

स्लॅमवर टीकाही पुष्कळ झाली. हेरॉल्ड ब्लूम यांच्यासारख्या ज्येष्ठ समीक्षकानं २०००मध्ये हा कलेचा मृत्यू आहे असं म्हणून टाकलं. २००२मध्ये एचबीओ वाहिनीवर ‘डेफ पोएट्री जॅम’ सुरू झालं, ते २००७पर्यंत चाललं. त्यानं कवितेला लाखो प्रेक्षक दिले, पण सगळ्यांचा सूर एकसारखा होऊ लागला. ओळीच्या शेवटी तीच उसळी, तोच थरथरता हात, तोच आधी वेग आणि मग थबकणं. स्मिथलाही हे व्यापारीकरण रुचलं नाही. तरी त्याच कार्यक्रमातून सुहैर हम्माद हिच्यासारखा आवाज घराघरांत पोचला. पॅलेस्टिनी निर्वासितांची ही मुलगी ब्रुकलिनमध्ये वाढलेली. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर, जेव्हा तिच्यासारख्या नावाच्या माणसांकडे शहर संशयानं बघत होतं, तेव्हा तिनं आपल्याच शहराच्या दुःखाबद्दल आणि आपल्या भीतीबद्दल एकाच कवितेत लिहिलं. ई-मेलवरून ती कविता हजारोंपर्यंत गेली होती.

इथं मला एक गोष्ट खटकते, आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. गुण श्रोते देणार असतील तर श्रोत्यांना काय हवं ते कवीला लवकरच कळतं. आणि परक्या माणसाकडून श्रोत्यांना बहुधा त्याची जखम हवी असते. २०१५मध्ये वैयक्तिक जागतिक स्लॅम जिंकणारी एमी महमूद दारफुरमध्ये जन्मलेली. स्पर्धेच्या काळातच तिची आजी वारली होती, आणि तिची कविता आईबद्दल होती. ती कविता खरी होती, तिला मिळालेली दादही खरी होती. पण तिच्यामागून येणाऱ्या मुलीनं काय समजायचं? आपल्या घरात कुणी मेलं नसेल तर आपल्याला आठच्या वर गुण नाहीत?

हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. मराठीत लिहिणारा मुसलमान कवी मंचावर आला की पुष्कळदा दोनच अपेक्षा असतात. एक तर त्यानं ऐक्याची कविता वाचावी, नाहीतर दंगलीची. पावसावर वाचली तर संयोजकांचा चेहरा पडतो. कार्यक्रम झाल्यावर कुणीतरी प्रेमानं जवळ येतं आणि म्हणतं, ‘तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!’ माझ्या आईनं मला ज्या भाषेत हाका मारल्या त्या भाषेबद्दलच हे कौतुक. दाद मनापासूनची असते, म्हणून तिच्यावर रागावताही येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात मी सादरीकरणाची कार्यशाळा घेतली. बी.ए.च्या वर्गातली एक मुलगी आली. तिनं बुरख्यावर कविता लिहून आणली होती. ओळी दणदणीत, टाळ्या हमखास. मी तिला विचारलं, ‘बेटा, कुणी गुणच देणार नसेल तर काय लिहिशील?’ ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिनं आणलेली कविता तिच्या नावावर होती. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव एका प्रकारे लिहिलेलं, रेशनकार्डावर दुसऱ्या, एसटीच्या पासवर तिसऱ्या, आणि प्रत्येक खिडकीवर तिलाच विचारलेलं, ‘यातली तू कोणती?’ तिनं ती सगळी नावं यादीसारखी, सरळ चेहऱ्यानं म्हटली. वर्ग आधी खो-खो हसला. चौथ्या नावाला हसणं कमी झालं. शेवटी ती आपलं खरं नाव म्हणाली, ज्या उच्चारात तिची आजी तिला हाक मारायची त्या उच्चारात, आणि खाली जाऊन बसली. आवाज एकदाही चढला नव्हता. टाळ्या जरा उशिरा आल्या, कारण वर्गातला प्रत्येक जण मनातल्या मनात तिचं नाव नीट म्हणून बघत होता.

राष्ट्रीय स्लॅम भरवणारी अमेरिकेतली संस्था २०१८मध्ये बंद पडली. पण तोवर हा प्रकार तिच्या हातात राहिलाच नव्हता. युरोपात, आफ्रिकेत, अरब शहरांत तो आपापल्या भाषांत रुजला होता. २०१०नंतर मुंबई-पुण्याच्या कॅफेंमध्ये ओपन माइक सुरू झाले, त्यात इंग्रजी-हिंदीचा जोर अधिक, पण मराठी मुलंही येऊ लागली. मोबाइलवर चित्रित झालेली तीन मिनिटांची कविता आता पाच परीक्षकांसमोर नव्हे तर पाच लाख अंगठ्यांसमोर जाते. गुण देणारे वाढले, ऐकणारे तेवढेच वाढले का, हे ज्यानं त्यानं आपल्याशी तपासावं.

तरुण कवी मला विचारतात, सुरुवात कशी करू? मी सांगतो, आधी तीन मिनिटांचं घड्याळ लावून एखाद्या माणसाचं ऐक, मध्ये न बोलता. मग स्वतःची कविता मोठ्यानं म्हण, घरच्या कुणासमोर तरी, ज्याला कवितेचं काही पडलेलं नाही अशा माणसासमोर. तो कुठं उठून पाणी प्यायला जातो तिथं खूण कर. ती ओळ कापून टाक. आणि तुम्हा रसिकांना एवढीच विनंती, पुढच्या वेळी एखादा कवी मंचावर आला की त्याचं आडनाव ऐकून कुठली कविता येणार हे आधीच ठरवू नका. गुण द्यायचे तर जरूर द्या, अगदी साडेपाच द्या. पण पाटी कोरी ठेवून द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)